थंडीत रस्त्यावर व्हायोलिन: खर्रर्र आवाज येतोय, खुंट्या सुटतायत आणि बोटं तर गेलीच

अर्धवट_सूर

मंडळी नमस्कार. रस्त्यावर वाजवायचा हा माझा पहिलाच हिवाळा. घरात आणि छोट्यामोठ्या कार्यक्रमांत बरीच वर्षं वाजवलंय पण फूटपाथवर उभं राहून, समोर टोपी ठेवून वाजवायला यंदा उन्हाळ्यातच सुरुवात केली आणि थंडी पडेपर्यंत सगळं इतकं मजेत चाललं होतं की मी उगाच हवेत होतो. आता संध्याकाळी तापमान तीन-चार अंश असतं, कधी शून्याला टेकतं, आणि रोज काहीतरी नवीन बिघडतं.

बोटांचं तर काय सांगू, पंधरा मिनिटांत करंगळी आपली राहतच नाही. मी ती ठेवतो एकीकडे आणि ती पडते दुसरीकडे. सूर घरातून नीट लावून निघतो, तिथे पोचून व्हायोलिनची केस (पेटी) उघडली की सगळा चढलेला असतो, उतरवून घेतो, मग घरी आल्यावर सगळा पडलेला. परवा तर ऐन रंगात आल्यावर ए (A) तारेची खुंटी कर्र करून सुटली, तार लोळागोळा होऊन, तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवर पडली, समोर एक लहान मुलगी उभी होती तिने आईला विचारलं "संपलं का?". काय सांगणार, हो बाई संपलं.

आणि गेल्या आठवड्यापासून एक खर्रर्र असा आवाज येतोय. सगळ्या सुरांना नाही, फक्त 'जी' (G) तारेवर तिसरं बोट ठेवलं की. तार बदलून पाहिली, फाइन ट्यूनर (सूर बारीक जुळवायचे स्क्रू) घट्ट केले, चिनरेस्टचा (हनुवटी टेकायच्या आधाराचा) स्क्रू आवळला, काही फरक नाही.

व्हायोलिन आजोबांचं आहे म्हणून जीव जास्त खालीवर होतोय. हिवाळाभर बंदच ठेवू का हा उद्योग? आणि हातमोजे कुठले घालता तुम्ही लोक?

घोडीवाला

मी दुरुस्तीचं काम करतो म्हणून आधी खर्रर्र बद्दल. जिभेवर डॉक्टरसारखं थर्मामीटर ठेवता येत नाही पण दोन प्रश्न विचारतो. घरी आल्यावर केस कुठे ठेवता? आणि लगेच उघडता का?

उत्तर द्यायच्या आधी एक करा. शांत खोलीत बसा, व्हायोलिन मानेला धरून बोटाच्या पेराने कडेकडेने हलकं टकटक करत सगळीकडे फिरा, वरच्या पाटीच्या कडेने आणि मग खालच्या, म्हणजे मागच्या पाटीच्याही. घट्ट जागी भरीव टक् असा आवाज येईल. कुठेतरी तो पोकळ, फाटका, चपट असा येईल. तिथे सांधा सुटलाय. एकाच सुराला खरखर येते कारण त्या सुराला तो सुटलेला भाग थरथरतो, बाकीच्या सुरांना गप्प बसतो.

घाबरू नका, हे होणं म्हणजे वाद्य नीट बांधलंय याची खूण आहे. पाट्या आणि बाजूच्या फळ्या सरसाने (जुन्या पद्धतीच्या प्राणिज गोंदाने) चिकटवलेल्या असतात, आणि वरच्या पाटीला तर तो मुद्दाम पातळ करून लावतात. लाकूड सुकून आखडलं की कुठेतरी ताण मोकळा व्हायलाच हवा, मग सरस सुटतो आणि पाटी वाचते. सरस हट्टी असता तर पाटीला उभी चीर गेली असती, आणि ती साउंडपोस्टच्या (आत दोन पाट्यांमध्ये उभ्या काडीच्या) जागी गेली तर मग मी पण हात जोडतो.

फुटपाथी

बंद बिंद काही करू नका हो. माझा हा नववा हिवाळा. पण आजोबांचं वाद्य आधी घरी ठेवा, याबाबतीत मी कोणाचंच ऐकत नाही. रस्त्यासाठी वेगळं व्हायोलिन असतं, ते साधं असावं, त्याला ओरखडा गेला तर रात्री झोप लागावी असं. माझ्याकडचं वर्कशॉपमधलं जुनंपुराणं आहे, आवाज थोडा नाकातला, पण रस्त्यावर नाकातला आवाजच लांब जातो. बो (वाजवायचा गज) कार्बन फायबरचा घ्या, लाकडी बोचे नखरे थंडीत परवडत नाहीत.

बोटांबद्दल. हातमोज्यांनी बोटं गरम होत नाहीत, बोटं गरम होतात पोट आणि छाती गरम असली की. शरीराला आतून थंडी वाजली की ते पहिल्यांदा हातापायांचं रक्त कमी करतं, मग तुम्ही वरून काहीही घाला. त्यामुळे अंगात तीन थर, डोक्याला टोपी (पैशाची वेगळी हां), आणि पायाखाली जाड पुठ्ठा. पुठ्ठा हा माझा सगळ्यात मोठा शोध आहे, हसू नका, फरशीवर तासभर उभं राहिलं की थंडी तळव्यातून वर येते. मी दुकानाबाहेर टाकलेला खोका फाडून दोन पदरी करून घेतो.

हातात मनगटापासून बोटांच्या मधल्या पेरापर्यंत येणारे लोकरीचे, बोटं कापलेले. डाव्या हाताचा अंगठा मात्र पूर्ण उघडा ठेवा. लोकर मानेवर अडकते, हात मानेवर वरखाली सरकवताना झटका खातो आणि सूर जातो. उजव्या हाताला अंगठा आणि पहिलं बोट उघडं असलं की पुरतं. मनगटाच्या आतल्या बाजूला, नाडीपाशी, ती लोखंडाच्या भुकटीची गरम होणारी पुडी मोज्यात सरकवायची. हवा लागली की भुकटी गंजायला लागते आणि त्यातूनच ऊब येते, काही तास टिकते. कातडीला थेट लावू नका, भाजतं.

आणि वीस मिनिटं वाजवून दहा मिनिटं आत कुठेतरी. घड्याळ लावून. करंगळी ऐकेनाशी झाली की तुम्ही नकळत जास्त दाबता, आणि बधिर बोटाने जोरात दाबत तास काढला की दोन दिवसांनी कोपरापर्यंत दुखतं. मी एक अख्खा महिना असा घालवलाय.

अर्धवट_सूर

घोडीवाला दादा, तुम्ही खोलीत कॅमेरा लावलाय का? केस हीटरशेजारीच ठेवतो. मला वाटायचं बिचारं थंडीतून आलंय, जरा शेक मिळू दे. आणि हो, आल्या आल्या उघडून पुसतो कारण बोला घासायच्या राळेची भुकटी बसलेली असते.

टकटक केली. खालच्या बाजूला, चिनरेस्टच्या डावीकडे साधारण दोन बोटं जागा, अगदी रिकाम्या डब्यासारखी वाजते. कागदाचा तुकडा आत सरकतोय!! थोडा लाकडाचा पांढरा गोंद सोडून क्लॅम्प लावला तर चालेल का? यूट्यूबवर एकाने केलंय.

घोडीवाला

नाही!!!! हात लावू नका. कागदसुद्धा काढा तिथून.

पांढरा गोंद किंवा सुपरग्लू लावला की तो सांधा कधीच सुटत नाही, आणि पुढच्या वेळी लाकूड आखडलं की पाटी फाटते. शिवाय पुढे कोणालाही ती पाटी उघडायची झाली तर आधी तुमचा गोंद खरवडावा लागतो आणि गोंदाबरोबर लाकूडही जातं. माझ्या टेबलावर येणाऱ्या वाद्यांत थंडीने मोडलेली कमी आणि थंडीनंतर घरी दुरुस्त केलेली जास्त असतात. सरसाने सांधा लावणं हे अर्ध्या तासाचं काम आहे, एक रात्र क्लॅम्पमध्ये, झालं. दुरुस्तीवाल्याकडे जा. तोवर तारा थोड्या उतरवून ठेवा, पूर्ण सैल नका करू, नाहीतर आत साउंडपोस्ट पडेल आणि माझ्या व्यवसायबंधूंना अजून एक काम मिळेल.

आता हीटरबद्दल, कारण तुमचं सगळं दुखणं तिथे आहे, रस्त्यावर नाही. लोक म्हणतात थंडीने वाद्य फाटलं. थंडीने नाही हो, कोरडेपणाने. बाहेर शून्य अंशावर हवेत ८० टक्के आर्द्रता असली तरी त्यात पाणी असतं जेमतेम, एका घनमीटरला चारेक ग्रॅम. तीच हवा घरात येऊन २० अंशांना तापली की पाणी तेवढंच राहतं पण आर्द्रता उतरते साधारण २२ टक्क्यांवर. व्हायोलिनला हवी ४० ते ६०. म्हणजे तुम्ही त्याला रस्त्यावर बऱ्यापैकी सुखात ठेवता आणि घरी आणून वाळवता, हीटरशेजारी तर पापडासारखं. खुंट्या सुटतात त्याही यानेच, खुंटी आणि तिचं भोक दोन्ही आक्रसतात, पकड जाते. खुंटीला पेग कंपाउंडचा (खुंटीसाठी मिळणाऱ्या लेपाचा) एक हात फिरवा आणि फिरवताना आत दाबत फिरवा. खडूबिडू लावू नका.

केस घरात आली की हीटरपासून लांब, बाहेरच्या भिंतीपासूनही लांब ठेवायची आणि तासभर बंद. चष्मा घालून थंडीतून आत आलं की काचेवर जे धुकं जमतं तेच वार्निशवर आणि तारांवर जमतं. पुसायचं असेल तर बाहेरच, केस बंद करायच्या आधी पुसा. केसमध्ये एक छोटा आर्द्रतामापक टाका. फार कोरडं असेल तर एफ होलमधून (वरच्या पाटीवरच्या एफ आकाराच्या फटीतून) सोडायची ती ओली रबरी नळी मिळते, पण ती पिळून पिळून, वरून कोरडी करून. टपकणारी नळी आत घालणाऱ्यांचीही एक वेगळी रांग असते माझ्याकडे.

उलटी_तिहाई

सुराचं कोडं सोपं आहे. तार धातूची, गारठली की आखडते, ताण वाढतो, सूर चढतो. घरात गरम झाली की सैलावते, सूर पडतो. आणि वाजवता वाजवता तुमच्या बोटांच्या उबेनेही थोडा उतरतो. त्यामुळे घरून सूर लावून निघण्याला काही अर्थ नाही. तिथे पोचा, केस दहा मिनिटं बंदच राहू द्या, मग उघडून दोन मिनिटं तसंच हातात धरा आणि मग लावा. गट म्हणजे आतड्याच्या तारा असतील तर विसरून जा, त्या दमट-कोरड्याला इतक्या हळव्या की दर गाण्याला लावत बसाल. सिंथेटिक कोअर (आतला गाभा कृत्रिम धाग्याचा) बऱ्या, आणि रस्त्यावर मी म्हणेन सरळ स्टील कोअर, चारही तारांना फाइन ट्यूनर, म्हणजे गारठलेल्या बोटांनी खुंटीशी कुस्ती नको. आवाज जरा पत्र्याचा येतो. येऊ दे.

खरी गंमत होते बासरीवाला सोबत असला की. माझा एक मित्र असतो बरोबर. हवा थंड झाली की त्यात आवाजाचा वेग कमी होतो, २० अंशांना सेकंदाला ३४३ मीटर, शून्याला ३३१. त्यामुळे बासरी उतरते. माझं व्हायोलिन चढतं आणि त्याची बासरी उतरते, आम्ही दोघं घटस्फोट घेतलेल्या जोडप्यासारखे एकाच फूटपाथवर. नुसतं गणित केलं तर सेमीटोनच्या (लगतच्या दोन स्वरांतल्या अंतराच्या) निम्म्याहून जास्त फरक येतो, प्रत्यक्षात श्वास गरम असल्यामुळे एवढा नसतो पण कानाला बोचण्याइतका असतोच. तो बासरी चढवू शकत नाही, म्हणून मीच खाली येतो. त्याने पाच मिनिटं फुंकून बासरी गरम करायची आणि मग मी त्याला लावून घ्यायचं, उलट कधीच नाही.

आणि हे आपल्यासारख्यांचंच होतं असं वाटत असेल तर, २० जानेवारी २००९ ला ओबामांच्या शपथविधीला व्हायोलिनवादक इत्झाक पर्लमन आणि चेलोवादक यो-यो मा उघड्यावर बसले होते, बरोबर पियानो आणि क्लॅरिनेट. लोकांना जे ऐकू गेलं ते दोन दिवस आधी करून ठेवलेलं रेकॉर्डिंग होतं. त्या गारठ्यात वाद्यं सुरात राहण्याची खात्री नव्हती, तारही तुटू शकली असती. पर्लमनना जमत नाही तिथे आपण का लाजायचं.

एकतारी

सगळे वाद्यावरच बोलताय. माझा अनुभव असा की हिवाळ्यात वाद्य टिकतं, वाजवणारा टिकतो, पैसे टिकत नाहीत. लोकांचे हात खिशात असतात किंवा मोज्यात. नाणं काढायचं म्हणजे थांबा, मोजा काढा, पाकीट शोधा, इतकं कोणी करत नाही. क्यूआर कोड लावला तरी फोनला मोजा काढावाच लागतो. मी तर म्हणते दोन महिने घरी रियाज करा आणि ऊन पडलं की या. नामवंत व्हायोलिनवादक जोशुआ बेलचं उदाहरण आहेच ना, १२ जानेवारी २००७, वॉशिंग्टनच्या मेट्रो स्टेशनात, हातात स्ट्रॅडिव्हरियस (अतिशय मौल्यवान जुनं व्हायोलिन), ४३ मिनिटं वाजवलं, १,०९७ माणसं गेली आणि थांबली किती तर ७.

फुटपाथी

एकतारी ताई, ते उदाहरण प्रत्येक जण देतो आणि प्रत्येक जण चुकीचं देतो. सकाळी आठच्या सुमाराला, ऑफिसला पळणाऱ्या माणसांच्या वाटेत, दाराजवळ उभं केलं त्याला. तिथे देव आला तरी लोक घड्याळ बघत जातील. तो जागेचा आणि वेळेचा दोष, ना बेलचा ना जानेवारीचा.

हिवाळ्यात माणूस जिथे नाइलाजाने थांबतो तिथे उभं राहायचं. बसची रांग, तिकिटाची रांग, सिग्नल. मी भुयारी मार्गात किंवा कमानीखाली उभा राहतो, पाठीशी भिंत, वारा आडवा येणार नाही अशी. भिंतीमुळे आवाज पुढे फेकला जातो आणि अॅम्प (आवाज मोठा करणारं यंत्र) लागत नाही. (अॅम्प असेल तर बॅटरी कोटाच्या आत ठेवा, गारठली की लवकर मान टाकते. आणि लिथियमवाली असेल तर गार असताना चार्जिंगला लावू नका, आधी खोलीत नॉर्मल होऊ द्या, शून्याखाली चार्ज केलं तर आतून कायमची खराब होते.) जागेला परवाना लागतो का ते आधी बघा, विशेषतः भुयारी मार्गात आणि स्टेशनात, आणि अॅम्पचे नियम बहुतेक वेगळे असतात.

पैसे कमी पडतात हे मान्य. पण वाजवणारेही कमी असतात हे विसरताय. जुलैत त्याच चौकात चार गिटारवाले. आता मी एकटा. आणि मोजा काढून जो पैसे टाकतो तो चिल्लर टाकत नाही, एवढं कष्ट घेतल्यावर माणूस नोट टाकतो हे मी कित्येकदा बघितलंय. नोट उडून जाते म्हणून टोपीत एक गुळगुळीत दगड ठेवा. व्हायोलिनची केस मात्र पैशासाठी उघडी ठेवू नका, आत दव बसतं आणि घरी जाऊन तुम्ही वाद्य त्याच ओल्या मखमलीवर झोपवता.

काय वाजवायचं हेही बदलतं. गारठलेल्या बोटांनी संथ, लांब मींड असलेलं काही घेऊ नका, त्यात प्रत्येक कंप उघडा पडतो. अती जलदही नको. मध्यम लयीतलं, मोकळ्या (बोट न ठेवता वाजणाऱ्या) तारा भरपूर वापरता येतील असं, डी (D) किंवा जी (G) स्वरातलं, बाजूची तार सतत घुमत ठेवायची. डावा हात निम्मा काम करतो आणि ऐकणाऱ्याला दोन जण वाजवतायत असं वाटतं. करंगळीला सुट्टी, तिच्या जागी मोकळी तार.

एकतारी

जागेचं पटलं. नोटेचं नाही पटलं, माझ्या टोपीत दगडच जास्त वेळ एकटा असतो.

घोडीवाला

एक राहिलं. जाड जॅकेट घालून वाजवत असाल तर चेन आणि बटणं बघा. मागच्या पाटीवर, अगदी गळ्याखाली येते तिथे, बोटभर लांबीचे उभे ओरखडे घेऊन दर हिवाळ्यात कोणीतरी येतं आणि विचारतं की हे केसमध्ये कसं झालं. केसमध्ये नाही, चेनने झालं. एक मऊ फडकं खांद्यावरून छातीपर्यंत टाका. नायलॉनच्या जॅकेटवर शोल्डर रेस्टही (खांद्यावरचा आधार) घसरतो, फडक्याने तोही थांबतो.

राळ बदला. थंडीत कडक राळ काचेसारखी होते, बो नुसता घसरतो, मग लोक अजून अजून घासतात आणि पाटीवर पीठ साठतं. गडद रंगाची, मऊ राळ घ्या. वाजवून झालं की बो पूर्ण सैल करायचाच, कोरड्या हवेत बोचे केस आखडतात, सैल न करता ठेवला तर काडी वाकते नाहीतर टोकाशी मोडते. सैल करूनही केस ताठच राहत असतील तर ते आखूड झालेत, नवीन घालून घ्या. पाऊस किंवा हिमकण असतील तर घरी जा. ओल्या केसांचा बो वाजत नाही, त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

आणि ते बोट बधिर होण्याबद्दल, बोटं पांढरीफटक पडून मग निळी आणि मग लाल होत असतील आणि हे दरवेळी होत असेल तर मोजे नका शोधू, डॉक्टरकडे जा.

अर्धवट_सूर

सगळ्यांचे आभार, दोन आठवड्यांनी लिहितोय.

सांधा लावून झाला. दुरुस्तीवाल्या बाईंनी टकटक करून अजून एक जागा शोधली, मागच्या पाटीला, मला कळलीच नव्हती. खर्रर्र गेला. आजोबांचं व्हायोलिन आता घरी कपाटात, आर्द्रतामापक आतमध्ये, पहिल्या दिवशी २६ दाखवत होता, खोलीत पाण्याची पसरट भांडी ठेवून आणि ती नळी घालून ४३ वर आलाय. दिवसातून पाच वेळा उघडून बघतो, बायको म्हणते त्याला झोपू दे.

रस्त्यासाठी एकाने वापरून टाकलेलं घेतलं. चारही फाइन ट्यूनर, स्टीलच्या तारा, आवाज उलटी_तिहाई म्हणतात तसा पत्र्याचा, पण भुयारात गेल्यावर तोच बरा वाटायला लागला. पुठ्ठा दोन पदरी. फुटपाथी काका, तुम्हाला एक साष्टांग त्या पुठ्ठ्यासाठी. बोटं पांढरीनिळी होत नाहीत, नुसती आळशी होतात, तेव्हा डॉक्टर वाचले. वीस मिनिटांचं घड्याळ लावलं पण पहिल्या दिवशी त्याचा अलार्म ऐन समेवर वाजला आणि रांगेतला एक माणूस हसून टाळ्या वाजवायला लागला, त्याला तो पण गाण्याचाच भाग वाटला असणार.

एकतारी ताई, तुमचंही बरोबर, पहिल्या तीन दिवसांत टोपीत दगड आणि थोडी चिल्लर. चौथ्या दिवशी एक आजी थांबल्या, मोजा दाताने ओढून काढला, नोट ठेवली, दगड उचलून त्याच्याखाली नीट सारली आणि मला म्हणाल्या बाळा कान झाक.

कानांवर घालायचं काय ते मात्र कोणीच सांगितलं नाहीत. टोपी कानावर ओढली की मला माझाच सूर ऐकू येत नाही. डावा कान उघडा ठेवून उजवा झाकला तर चालतं का? कोणी करतं का असं?

फुटपाथी

मी करतो. दिसायला वेडा दिसतो.